साखर कुणाची?

आमच्या शिरोळात माणसाची बँकेतली शिल्लक कुणाला कळत नाही, मूळव्याध मात्र एस. टी. स्टँडपर्यंत पोचते. शिल्लक मी सांभाळतो. मूळव्याध पोचवण्यातही माझा थोडा हात असतो!

परवा सौ. म्हणाली, "अहो, ते चौदा आकडी आरोग्य खातं काढून टाका. २०१९च्या पुरात सगळे रिपोर्ट भिजले." मुद्दा बिनतोड. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. कागद भिजला तरी दुखणं कोरडं! पण किल्ली कुणाकडे? २०१८ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एका कायद्याचा मसुदा मांडून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. ज्याचं दुखणं त्याचीच माहिती, असं त्यात होतं. तो कायदा झालाच नाही. २०२३ साली साऱ्या खासगी माहितीचा मिळून एक कायदा झाला. दुखणं जनरल वॉर्डातच राहिलं.

उसाच्या दरासाठी आमच्या तालुक्यात, जयसिंगपूरला, परिषद भरते. दुखण्याच्या मालकीसाठी माझं साधं पोस्टकार्डही गेलं नव्हतं. म्हटलं, आता खासदारांना निवेदन द्यावं. "रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय..." इथवर आलो आणि शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याची साखर आठवली. ती साऱ्या शाखेत मीच वाटली होती. फिरत फिरत ती व्याह्यांकडे गेली, आणि त्याच्या मुलीची सोयरीक मोडली.

निवेदन खिशातच आहे. पाठवणार नक्की, पण आधी त्याची माफी मागायची आहे. खासदार दिल्लीत असतात. हा चार फुटांवर बसतो, आणि तेच अंतर कापवत नाही.