उशाशी बसणाऱ्यांचे शास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आजारी तान्हे मूल दवाखान्यात ठेवायचे म्हणजे त्याच्यावर जवळजवळ पाणी सोडण्यासारखेच होते. देशात जन्मलेल्या दर पाच मुलांतले एक पहिला वाढदिवस पाहत नसे आणि सॅक्सनीसारख्या कापडगिरण्यांच्या प्रांतात परिस्थिती त्याहून वाईट होती. अर्भकांना ठेवून घेणाऱ्या संस्थांत तर इतकी मुले दगावत, की त्यांना दाखल न केलेलेच बरे असे अनेक डॉक्टरांना वाटे. अशा काळात ड्रेस्डेनच्या योहानश्टाट भागात आर्थर श्लॉसमान या तिशीतल्या बालरोगतज्ज्ञाने 1897 मध्ये मुलांसाठी दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तेथे फक्त आजारी अर्भकांसाठी खाटा मांडल्या. जगातले अर्भकांचे पहिले रुग्णालय म्हणून त्याची नोंद आहे.

श्लॉसमानकडे कोणतेही नवे औषध नव्हते. प्रतिजैविके यायला अजून चाळीसेक वर्षे होती. त्याने अंगावर पाजणाऱ्या दाया त्यांच्या स्वतःच्या बाळांसह रुग्णालयातच राहायला आणल्या, स्वच्छतेचे नियम काटेकोर केले आणि तान्ह्या मुलांची देखभाल हे वेगळे कौशल्य आहे असे ठरवून त्यासाठी परिचारिकांना खास शिकवायला सुरुवात केली. मृत्यू कमी झाले. ही मुले वाचली ती वेळेवर पाजलेल्या दुधाने, धुतलेल्या हातांनी आणि रात्रभर जाग्या असलेल्या डोळ्यांनी. मात्र यातून जे ज्ञान जमले ते वैद्यकशास्त्राच्या खात्यावर जमा झाले. मूल चोखायचे कमी झाले की दुखणे वाढणार, हे ज्या बाईला सगळ्यांत आधी कळत होते, तिचे म्हणणे शास्त्र म्हणून नोंदवून ठेवावे असे कोणाच्या मनात आले नाही.

शुश्रूषा हा केवळ सेवाभाव नाही, त्यात तपासून पाहण्याजोगे ज्ञान आहे, हा विचार रुजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या वाटेवरचे बरेचसे टप्पे, त्यातला सर्वांत काळाही, या एकाच शहरात आणि त्याच्या परिसरात सापडतात.

ड्रेस्डेनमध्ये डीकनेस भगिनींची संस्था 1844 मध्ये सुरू झाली. तिचा आदर्श होता ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवेर्थ गावी पाद्री थेओडोर फ्लीडनर यांनी 1836 मध्ये उभारलेली संस्था. अविवाहित स्त्रियांना तेथे शिक्षण, निवारा आणि समाजात मान मिळे. बदल्यात त्यांनी आयुष्य सेवेला वाहायचे आणि आज्ञा पाळायची. याच कायझर्सवेर्थमध्ये 1851 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल तीन महिने शिकायला राहिली होती. पुढे क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडले आणि गोळीपेक्षा घाणीने जास्त माणसे मेली हे रंगीत आकृत्या काढून सरकारला दाखवले. आपल्याकडे तिची आठवण हातात दिवा घेतलेली बाई म्हणून काढली जाते. आकडेमोड करणारी, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी भारतातील पाणीपुरवठ्याबद्दल आणि आरोग्याबद्दल पत्रव्यवहार करणारी नाइटिंगेल मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. शुश्रूषा आणि आकडे यांची गाठ तिने बांधली, पण तिच्यामागे आलेल्या पिढ्यांनी त्यातला दिवा घेतला आणि आकडे बाजूला ठेवले.

ड्रेस्डेनच्या मारी सिमोनने तसे केले नाही. सोर्ब या अल्पसंख्य समाजातल्या या बाईने 1866 च्या युद्धात बोहेमियातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुढच्या वर्षी युवराज्ञी कारोलाने आल्बर्ट फेराइन ही परिचारिकांची संस्था स्थापली, त्यात सिमोनचा मोठा वाटा होता. 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धानंतर तिने स्वेच्छेने केलेल्या शुश्रूषेचे आपले अनुभव पुस्तकरूपाने 1872 मध्ये प्रसिद्ध केले. याला आजच्या अर्थाने संशोधन म्हणता येणार नाही. तरीही खाटेशी उभ्या असलेल्या बाईने आपले पाहणे आपल्या नावाने छापावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्रेस्डेनने आरोग्याचा विचार दवाखान्याच्या भिंतीबाहेर नेला. ओडोल हे चुळा भरण्याचे औषध विकून गडगंज झालेला कारखानदार कार्ल आउगुस्ट लिंगनर यात पुढे होता. श्लॉसमानच्या अर्भकालयालाही त्याने हात दिला होता. त्याच्या पुढाकाराने 1911 मध्ये भरलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन पन्नास लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. त्यातूनच जर्मन हायजीन म्युझियम उभे राहिले आणि 1930 मध्ये नव्या इमारतीत गेले. आतले अवयव दाखवणारा ‘पारदर्शक माणूस’ तेथे पाहायला झुंबड उडे. आपले शरीर कसे चालते हे कामगारालाही समजावे, यामागची ही ऊर्मी खरी आणि मोलाची होती.

पण सांगणारा एक आणि ऐकणारे लाखो, अशी ही रचना होती. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर तेच संग्रहालय वंशशुद्धीचा प्रचार करू लागले.

ड्रेस्डेनपासून वीसेक किलोमीटरवर पिर्ना गावी झोननश्टाइन नावाचा किल्ला आहे. 1811 मध्ये तेथे मनोरुग्णांसाठी आश्रम निघाला, तेव्हा रुग्णांना माणुसकीने वागवणारी संस्था म्हणून त्याचा लौकिक होता. जून 1940 ते ऑगस्ट 1941 या काळात त्याच जागी 13,720 मनोरुग्ण आणि अपंग माणसांना विषारी वायूने मारण्यात आले. छळछावण्यांतून आणलेले हजाराहून अधिक कैदी वेगळेच. माणसे बसमधून आणली जात. त्यांना उतरवून घेणे, धीर देणे, कपडे काढायला मदत करणे आणि अंघोळीची खोली म्हणून वायूच्या कोठडीपर्यंत पोहोचवणे ही कामे परिचारक आणि परिचारिका करत. डॉक्टरांनी सांगितले, आम्ही केले, असे त्यांच्यातले अनेक जण नंतर म्हणाले. 1947 च्या उन्हाळ्यात ड्रेस्डेनमध्ये खटला चालला, तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात डॉक्टरांबरोबर शुश्रूषा करणारेही होते.

शुश्रूषेच्या इतिहासात हे प्रकरण अपवाद म्हणून कडेला सारण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. ज्या शिकवणीत आज्ञापालन हा सर्वांत मोठा गुण आणि प्रश्न विचारणे हा उर्मटपणा असतो, ती शिकवण कोणाच्याही हाती जाऊ शकते. हायजीन म्युझियमने 2006-07 मध्ये नाझी काळातल्या या घातक वैद्यकावरचे प्रदर्शन आपल्याच दालनांत भरवले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. हे का करायचे, याचा रुग्णाला खरोखर फायदा होतो का, असे विचारण्याची सवय शास्त्राला लागते तितकीच माणुसकीलाही लागते.

ही सवय रोजच्या कामात कशी उतरते ते पाहायचे तर बेडसोअरचे उदाहरण घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचांवर दाब पडून कातडी मरते, व्रण होतो आणि तो कधी कधी हाडापर्यंत जातो. आपल्याकडे अनेक वर्षे स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि वर पावडर टाकायची, हा वॉर्डातला नेम होता. जर्मन रुग्णालयांत वेगळाच प्रकार रूढ होता. परिचारिका बर्फाच्या खड्याने रुग्णाचे ढुंगण आणि पाठ चोळत आणि मग केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा सोडत. थंड आणि गरम आलटूनपालटून दिले की रक्त खेळेल, अशी समजूत होती. एक पिढी दुसरीला हे शिकवत होती. उघड्या पाठीवर बर्फ लागताच म्हातारी माणसे दचकत, कण्हत. तरी ते त्यांच्या भल्यासाठीच आहे असे सगळे मानत.

इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. कातडीला काय लावता याने फरक पडत नाही, दाब किती वेळ राहतो याने पडतो, हे त्यातून पुढे आले. नॉर्टनने पाच गोष्टी पाहायला सांगितल्या: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणे-फिरणे, अंथरुणात हलता येणे आणि मलमूत्रावर ताबा. प्रत्येकीला एक ते चार गुण द्यायचे. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली की धोका. उपाय कोणता, तर ठरावीक वेळाने कूस बदलणे. कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता, खाटेशी उभे राहून आणि मोजून मिळवलेले हे ज्ञान होते. तरीही बर्फ आणि ड्रायर जर्मन वॉर्डांतून जायला आणखी काही दशके लागली. ओस्नाब्रुकच्या तज्ज्ञगटाने बेडसोअर टाळण्याबाबतचे राष्ट्रीय मानक आणले ते 2000 मध्ये. सवयीला पुराव्याने हटवणे किती अवघड असते, हे या चाळीस वर्षांच्या अंतरावरून कळते.

दरम्यान पूर्व जर्मनीत दुसरा एक धागा विणला जात होता. तेथे खेडोपाडी ‘गेमाइंडेश्वेस्टर’, म्हणजे गावची सिस्टर असे. 1975 च्या ‘श्वेस्टर आग्नेस’ या चित्रपटात सॅक्सनीच्या लाउझित्स भागातल्या गावांत स्कूटरवरून हिंडणारी, अधिकाऱ्यांना न जुमानणारी आग्नेस लोकांनी मनापासून उचलून धरली. जर्मनीच्या एकीकरणानंतर पश्चिमेची पद्धत लागू झाली आणि ही पदे गेली. त्यानंतर पूर्वेत डॉक्टर कमी आणि म्हातारी माणसे जास्त अशी गावे वाढू लागली, तेव्हा ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 पासून ‘आग्नेस’ याच नावाने प्रयोग सुरू केले. त्यांतला एक भाग सॅक्सनीत होता. परिचारिका लॅपटॉप घेऊन घरोघर जात, रक्तदाब पाहत, घरात पडण्याची भीती कुठे आहे ते तपासत, डबीतली औषधे खरोखर कशी घेतली जातात ते पाहत आणि नोंदी डॉक्टरांपर्यंत पोहोचवत. जी व्यवस्था जुनाट म्हणून मोडीत काढली, ती आता मोजमाप करून परत आणायचे ठरले.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे गडचिरोली आठवल्याशिवाय राहणार नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेसाठी 47 गावे घेतली. नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. श्लॉसमानने खाटेपाशी जे करून दाखवले, ते येथे घराच्या अंगणात आले आणि करणाऱ्या बाईच्या नोंदवहीतून सिद्ध झाले. आशाताईंच्या घरभेटींना पुढे देशभर जे रूप आले, त्याच्या मुळाशी या नोंदवह्या आहेत.

आज ड्रेस्डेनच्या विद्यापीठ रुग्णालयात पुराव्यावर आधारित आरोग्यसेवेचे संशोधन केंद्र आहे आणि शहरातल्या एव्हांगेलिश उच्चशिक्षण संस्थेत शुश्रूषाशास्त्र पदवीसाठी शिकवले जाते. तरीही जर्मनीत नर्सिंग हा मुख्यतः तीन वर्षांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचाच मार्ग राहिला. रुग्णसेवेतल्या दहा ते वीस टक्के लोकांनी तरी पदवी घेतलेली असावी, अशी शिफारस तेथील विज्ञान परिषदेने 2012 मध्ये केली. प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या आसपासही नाही. पदवीसाठी शिकणाऱ्यांना विद्यावेतन मिळण्याची सोय कायद्याने झाली, तीही 2024 मध्ये.

भारतातून जर्मनीला जाणाऱ्या परिचारिका चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेऊन पोहोचतात आणि तेथे त्यांना रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, स्वच्छ करणे ही कामे करावी लागतात. भारतात ती नातेवाइकांच्या वाट्याला येतात, म्हणून अनेकींना सुरुवातीला आपली पदवी वाया गेली असे वाटते. वास्तविक रुग्णाची कातडी, गिळणे आणि शुद्ध यांतले पहिले बदल कळतात ते याच कामांत. भारतात हे पाहणे आईच्या, बायकोच्या किंवा सुनेच्या डोळ्यांनी होते आणि केसपेपरपर्यंत पोहोचत नाही. या विषयावर आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांत प्रबंध व्हायला हवेत, आणि ते कपाटात न राहता वॉर्डात यायला हवेत.

पण ज्ञान असून भागत नाही, हात लागतात. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचे रुग्ण तपासले. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तेथे ती तितकीच कमी दिसली. त्या नऊ देशांत जर्मनी नव्हता. पण त्याच प्रकल्पाच्या पाहणीत जर्मनीत एका परिचारिकेमागे सरासरी तेरा रुग्ण निघाले, तर नॉर्वेत पाच-सहा. जर्मनीने नंतर कायद्याने मर्यादा घातली: जनरल मेडिसिनच्या वॉर्डात दिवसा एका परिचारिकेमागे दहा, रात्री बावीस. या बावीसांत आठ जण स्वतः हलू न शकणारे असले आणि प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची असली, तर दहा तासांच्या रात्रीत चाळीस वेळा माणूस वळवायचा आहे. त्यातही जड रुग्णाला वळवायला दोघी लागतात.