उपाशी माणसाचं मत

सार्वजनिक बागेत श्रमदानाला जायचं म्हणजे वाफे मोकळे करायचे, पाणी द्यायचं, मेथी-पालकाच्या जुड्या बांधून गरजू घरांत पोहोचवायच्या. काम चांगलंच आहे. पण अशा बागेचा न्यायाशी संबंध काय, असं कुणी विचारलं की मला अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर आठवतात.

अर्धेलीने शेत कसणाऱ्या काळ्या कुटुंबातलं त्या विसावं अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूस वेचत आलेल्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार यादीत नाव नोंदवायला गेल्या आणि त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना हाकलून दिलं. त्या मळ्यावर त्यांनी अठरा वर्षं घाम गाळला होता. त्या वर्षीच्या हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काउंटीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी गरिबांना मिळणारं सरकारी धान्यच थांबवलं. मत मागता? मग उपाशी राहा.

१९६५ च्या कायद्याने काळ्यांच्या मताधिकाराला संरक्षण मिळालं, पण चूल मालकाच्या मर्जीवर पेटत असेल तर तो हक्क बजावायचा कसा? हेमरबाईंनी १९६९ मध्ये चाळीस एकर जमीन घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी केली. घेवडा, वाटाणा, पालेभाज्या गरीब घरांत जाऊ लागल्या. सोबत डुकरांची एक ‘बँक’ होती. कुटुंबाला गाभण डुकरीण मिळायची, ती व्याली की दोन पिलं बँकेत परत यायची आणि पुढच्या घरी जायची. ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण घेणारं घर तिथे देणारंही होत असे. दुष्काळ, पूर आणि कर्ज यांनी ती शेती काही वर्षांतच मोडली. पण भुकेची भीती गेल्याशिवाय माणूस ताठ उभा राहू शकत नाही, हे त्या बाईंनी ओळखलं होतं.

आपल्याला तर हे नवं वाटूच नये. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव काय करतं, ते समितीच्या अहवालात आहे: कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, दुकानदाराने जिन्नस द्यायचे नाहीत. महाडचं पाणी आणि मिसिसिपीची मतपेटी, दोन्हीकडे शिक्षा एकच होती आणि ती पोटावर होती.

म्हणून बागेत गेल्यावर मनात ठेवण्याचे प्रश्न वेगळे आहेत. काय पेरायचं हे कोण ठरवतं? पीक कुणाचं? आणि जागा कुणाच्या नावावर आहे? हा शेवटचा प्रश्न अवघड म्हणून आपण टाळतो. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ च्या दंगलीनंतर शहराच्या ताब्यातल्या सुमारे चौदा एकरांवर ‘साउथ सेंट्रल फार्म’ फुललं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं तिथे मका, निवडुंग, आपापल्या गावच्या भाज्या लावत. २००३ मध्ये शहराने ती जमीन पूर्वीच्या मालकाला परत विकली. कसणाऱ्यांचं नाव मालकीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. १३ जून २००६ रोजी पोलीस आले, मागोमाग बुलडोझर. जागा विकत घेण्यासाठी पैसे उभे करण्याची धडपड झाली होती, पण मालकाने खरेदीचा प्रस्ताव स्वीकारला नाही. इतक्या वर्षांची मशागत एका सकाळी उखडली गेली, याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडेही महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर, रेल्वेच्या कडेला, झोपडपट्टीलगत अशा बागा उभ्या राहतील तेव्हा कुदळ धरणारे हात लागतीलच. त्यांच्याबरोबर सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड वाचू शकणारे, आरक्षणाचा नकाशा समजावून सांगणारे, पालिकेत खेटे घालणारे लोकही हवेत. ज्यांना उन्हात वाकणं जमत नाही, त्यांनी हे काम अंगावर घ्यावं. मात्र अर्जावर पहिलं नाव वाफा कसणाऱ्या बाईचं असावं, आणि साहेबांसमोर बोलायला तीच पुढे असावी.