सल्ला देणाऱ्याचं काय जातं?

दर रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही सहाजण व्हिडिओ कॉलवर भेटतो. पाचजण परभणी जिल्ह्यातले. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, पूर्णा. सगळ्यांची नोकरीतली पहिली काही वर्षं. सहावा मी. त्यांच्याहून चार-पाच वर्षं पुढे आहे, म्हणून 'मेंटॉर'. पैसे घेत नाही. दीड तास देतो, आणि खरं सांगायचं तर सोमवारी सकाळी स्वतःबद्दल जरा बरं वाटतं.

२०२३ च्या सुरुवातीला त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "दादा, इथं काहीच शिकायला मिळत नाही. सोडू का?" मी म्हणालो, "सोड. तीन महिने नीट अभ्यास कर, मिळेल दुसरी." मी स्वतः २०२१ मध्ये हेच केलं होतं. पण तेव्हा आयटी कंपन्या माणसं शोधत फिरत होत्या. २०२३ मध्ये त्यांनीच भरतीला ब्रेक लावला होता. त्याला अकरा महिने नोकरी मिळाली नाही. घरी चार एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न ठरलेलं.

आता तो पुन्हा नोकरीला लागलाय. मी एकदा माफी मागितली, तेव्हा म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून सोडली असं नाही दादा. पण तुम्ही सांगितलं नसतं, तर सोडलीही नसती."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्याची अकरा महिन्यांची कमाई गेली. माझं काय गेलं? काहीच नाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा नऊ वाजता कॉलवर होतोच.

यावर एक सरळ उत्तर आहे: तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा. शिवाय फुकट मदत करणाऱ्याला परिणामांसाठी जबाबदार धरलं, तर उद्या मदत कोण करेल? हे मला पटतं, पण पूर्ण नाही. पुण्यातल्या एखाद्या मुलाच्या घरात मामा इंजिनिअर असतो, शेजारची ताई कंपनीत असते. त्याच्यासाठी माझं मत पाचातलं एक. सेलूच्या ज्या घरात याआधी कुणी कंपनीची पायरी चढलं नाही, तिथं माझं मत एकुलतं एक असतं. आणि एकुलतं एक मत हे मत राहत नाही, तो निकाल होतो. म्हणजे शब्दाचं वजन मी किती जोरात बोलतो यावर ठरत नाही, ऐकणाऱ्याकडे दुसरं कोण आहे यावर ठरतं.

'मेंटॉर' हा शब्द होमरच्या 'ओडिसी'तला. ओडिसियस युद्धावर जाताना घरदार मेंटॉर नावाच्या मित्रावर सोपवून जातो. त्या मित्राच्या देखत घर लुटलं जातं, त्याच्याने काही होत नाही. मुलाला खरा आधार देते ती मेंटॉरचं रूप घेऊन आलेली अथेना. आणि ती नुसती "जा, बापाला शोध" म्हणून थांबत नाही. जहाज मिळवते आणि पिलॉसपर्यंत त्याच्यासोबत जाते.

आपल्याकडे हे सांगायला ग्रीसला जायची गरज नाही. जनाबाई गंगाखेडच्या. त्यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते हे, की विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसायचा. दळावं कसं हे त्याने शिकवल्याचं कुणी सांगत नाही. त्याने खुंट्याला हात लावला, एवढंच.

माझी चूक सल्ला चुकला ही नव्हती. बाजार कुणालाच कळत नाही. चूक ही होती, की खुंट्याला हात न लावता मी दळणाचा वेग ठरवत होतो. अकरा महिन्यांत मी त्याला किती वेळा स्वतःहून फोन केला? दोनदा.

आता काही गोष्टी बदलल्यात. "मी असं केलं" म्हणताना सोबत हेही सांगतो की ते कोणतं साल होतं, खात्यात किती महिन्यांचं भाडं शिल्लक होतं आणि वडिलांना पगार होता. हे न सांगता दिलेला अनुभव अर्धा खोटा असतो. एखाद्याने मोठा निर्णय घेतला, तर तो मार्गी लागेपर्यंत दर आठवड्याला मी फोन करायचा, त्याने नाही. हे जमणार नसेल तर सल्ला द्यायचा नाही.

आणि माझी अडचणही मी ग्रुपपुढे ठेवतो. शेतात सावड असते. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. त्यात कुणी दाता नसतो, त्यामुळे कुणी मिंधाही होत नाही.

मागच्या रविवारी मी विचारलं, टीम लीडची जबाबदारी घेऊ का? सगळे "घ्या की दादा" म्हणाले. तो एकटा गप्प होता. मग म्हणाला, "नाही जमली तर परत यायची सोय आहे का, ते आधी विचारा."

सोमवारी ऑफिसात मी तेच विचारलं.