स्थळाचे पावित्र्य आणि त्याचा भार

एखाद्या डोंगरी नगराच्या परिसरातील पाहण्याजोगी ठिकाणे सांगताना ती ऐतिहासिक आणि नैसर्गिक अशा दोन गटांत मांडण्याची पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे, की या मांडणीमागे एक तत्त्वज्ञानात्मक गृहीतक आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माणसाने घडवले ते इतिहासाचे, माणसाचा हात लागला नाही ते निसर्गाचे, आणि पाहणारा या दोहोंपासून अलिप्त, असे ते गृहीतक आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याला ते लावून पाहिले, तर लांजीचा किल्ला, हट्ट्याची दगडी बावडी आणि रामपायलीचे राममंदिर एका बाजूला येतात, तर बालाघाट-बैहर रस्त्यावरील गांगुलपाऱ्याचा धबधबा, वैनगंगेचे पात्र आणि कान्ह्याचे अरण्य दुसऱ्या बाजूला जातात. परंतु या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी, मग ते गोंड असोत, बैगा असोत, पोवार असोत की मराठीभाषक असोत, या स्थळांकडे या दोन कप्प्यांतून पाहिलेले नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: कोणते स्थळ पवित्र आहे, आणि ते पवित्र कशाने होते?

भारतीय धर्मविचारात या प्रश्नाचे एक जुने आणि अतिशय विचारपूर्वक दिलेले उत्तर उपलब्ध आहे. तीर्थ म्हणजे जेथे स्नान, दर्शन वा निवास केल्याने पुण्य लाभते असे स्थान. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माच्या मुखी आलेल्या विवेचनानुसार शरीराचे काही अवयव जसे इतरांहून शुद्ध मानले जातात, तसे पृथ्वीचेही काही प्रदेश पुण्यमय असतात, आणि परंपरेने त्याची कारणे तीन सांगितली आहेत: भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींनी केलेला परिग्रह. परिग्रह याचा येथील अर्थ स्वीकार असा आहे. मुनींनी ते स्थान आपले म्हणून पत्करले, तेथे राहून त्याचे नियम पाळले, म्हणून ते तीर्थ झाले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा जो विस्तृत विचार केला आहे, त्यातही या कारणांना मध्यवर्ती स्थान आहे. त्यांपैकी पहिली दोन कारणे आजच्या भाषेत नैसर्गिक ठरतील आणि तिसरे ऐतिहासिक. पण शास्त्रकारांनी ती एकाच वाक्यात, एकाच फलाची कारणे म्हणून गुंफली आहेत. अनुशासनपर्वाच्या त्याच प्रकरणात सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह यांनाही तीर्थे म्हटले आहे, ज्यांना मानस तीर्थे अशी संज्ञा आहे. पाणी आणि भूमी कितीही अद्भुत असली, तरी माणसाच्या बाजूने काही घडल्याशिवाय तीर्थ पूर्ण होत नाही, असा या मांडणीचा रोख दिसतो.

माणसाच्या बाजूने नेमके काय घडावे लागते, याचे उत्तर शोधण्यासाठी बालाघाटचा परिसर फार उपयोगी आहे. सातपुड्याच्या पूर्व भागात, दक्षिणेकडील भातशेतीचा सखल प्रदेश आणि उत्तरेकडील बैहरचे पठार यांना जोडून १८६७ साली हा जिल्हा बनवण्यात आला. त्याआधी त्याच्या काही भागांवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच त्याच्या प्रांताची राजधानी होती. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाटला वळसा घालून भंडारा, गडचिरोलीकडे जाते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, त्यामुळे मार्कंडा आणि पवनी या मराठी मुलखातील प्राचीन क्षेत्रांशी बालाघाटचे नाते एकाच पाण्याचे आहे.

या जिल्ह्यात वाकाटक राजघराण्याचे दोन महत्त्वाचे ताम्रपट सापडले आहेत, ज्यांचा समावेश वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखांच्या १९६३ च्या संग्रहात आहे. एक तिरोडीचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा. आणि दुसरा बालाघाटचा, त्याच्या नातवाचा म्हणजे दुसऱ्या पृथ्वीषेणाचा. वाकाटकांच्या दानपत्रांत, राजा जेव्हा ब्राह्मणाला वा देवस्थानाला गाव देत असे, तेव्हा दानाबरोबर काही अटी कोरल्या जात: राजाचे शिपाई व अधिकारी त्या गावात शिरणार नाहीत, तेथील मिठासाठी खणले जाणार नाही, करांचा व वेठीचा भार पडणार नाही. आजच्या वाचकाला या अटी महसुली तपशील वाटतील, पण धर्मदृष्ट्या त्यांचा आशय खोल आहे. जमिनीचा गुण त्या दिवशी बदललेला नाही, माती तीच आहे, पाणी तेच आहे. बदलले आहे ते एवढेच, की जो तेथे वाटेल ते करू शकत होता त्याने आपला हात आपणहून मागे घेतला आहे. बालाघाटचा पट मात्र अपुरा राहिला. त्यावर राजवंशाची परंपरा कोरली गेली आणि दानाचा भाग कोरण्याआधीच काम थांबले, त्यामुळे त्यात राजाचा गौरव आहे, पण कोणत्याही जमिनीवरचा राजाचा हात त्याने उचललेला नाही. धर्मदायाचा अर्थ समजून घेण्यासाठी हा अपुरा पट पूर्ण पटांइतकाच बोलका आहे, कारण दानपत्राचा प्राण कशात असतो ते त्यात नसलेल्या मजकुरावरून कळते.

असाच विचार, पण अगदी वेगळ्या मार्गाने, बैगांच्या परंपरेत सापडतो. बैगा हा सातपुड्याच्या या भागातील आदिवासी समाज. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांच्या कथांनुसार नांगा बैगा आणि नांगा बैगिन हे पृथ्वीवरचे पहिले जोडपे होते आणि भूमी ही आई असल्याने नांगराने तिचे अंग फाडू नये अशी आज्ञा त्यांना होती. म्हणून ते बेवर करीत, म्हणजे झाडी तोडून, जाळून, तिच्या राखेत बी फेकीत आणि काही वर्षांनी ती जागा पुन्हा रानाच्या हवाली करीत. इंग्रजी वनखात्याने ही शेती नासधूस ठरवून बंद करीत आणली आणि अखेर १८९० च्या सुमारास शेजारच्या मंडला भागात ‘बैगा चक’ नावाचा मर्यादित पट्टा तिच्यासाठी ठेवला. बहुतेक बैगांना नांगर धरावा लागला. बेवर जंगलाला किती सोसणारी होती याबद्दल वनशास्त्रज्ञांत मतभेद असू शकतात, परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की येथे भूमीचे पावित्र्य शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातावर पडलेल्या निर्बंधाच्या रूपात जगले. गोंड हे या मुलखातील राज्यकर्ते, तरीही गावाच्या सीमेचे पूजन, ठाकूरदेवाची सेवा आणि पेरणीआधी बियाण्याचा बिदरी हा विधी करण्याचा मान गोंडांनी बैगांकडे ठेवला, कारण भूमीचे पहिले धनी तेच अशी त्यांची श्रद्धा होती. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात, म्हणजे मराठीत ज्याला ऐन म्हणतात त्या वृक्षात वसतो. तेथे शिखर नाही, गाभारा नाही, आणि ज्या रानात तो वृक्ष उभा आहे ते रानच देवस्थान आहे. त्या वृक्षाला नैसर्गिक म्हणावे की ऐतिहासिक, या प्रश्नाला तेथे अर्थच उरत नाही.

पावित्र्याचे मूळ संबंधात असते हा सिद्धांत मराठी परंपरेत सर्वाधिक काटेकोरपणे मांडला तो महानुभावांनी. श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकात विदर्भात हिंडले, रामटेक आणि भंडारा येथे राहिले, आणि ते जेथे बसले, निजले, जेवले ती प्रत्येक जागा अनुयायांनी ‘स्थान’ म्हणून ओळखली. ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ अशा जागांची दिशा-खुणांसह नोंद करतो आणि पुढे त्यांवर ओटे बांधून नमस्काराची प्रथा पडली. येथे भूमीच्या अद्भुततेला काहीही महत्त्व नाही. एखादा साधा ओसरीचा कोपरा परमेश्वराच्या स्पर्शाने स्थान होतो आणि देखणा धबधबा स्पर्शाअभावी केवळ धबधबा राहतो. मात्र त्याच चक्रधरांनी शिष्यांना ओळखीच्या मुलखापासून दूर, झाडाच्या तळाशी, निःसंग आयुष्य घालवण्याचा उपदेश केला. स्थानाला वंदन करावे, पण स्थानाची मालकी मनातही आणू नये, असा हा दुहेरी नियम आहे. वारकरी संतांनीही नुसत्या पाण्यात आणि दगडात देव शोधणाऱ्यांना परखड शब्दांत फटकारले आणि तरीही पंढरीची वाट सोडली नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. इटलीतील उंब्रिया प्रांतात सुबासिओ पर्वताच्या उतारावर असिसी हे नगर आहे. संत फ्रान्सिस तेथले. १२२६ साली त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांत त्यांच्या समाधीसाठी भव्य मंदिराचे काम सुरू झाले. ज्या टेकडीवर ते बांधले तिला पूर्वी नरकाची टेकडी म्हणत असत अशी परंपरा आहे, आणि नंतर तिचे नाव स्वर्गाची टेकडी झाले. टेकडीत काही बदलले नव्हते. पर्वतावर वर, घनदाट ओकवृक्षांच्या रानात, ते व त्यांचे सोबती ज्या कपारींत एकांतासाठी जात, तेथे आज लहानसा मठ आहे. आपल्या बंधूंनी कशाचीही मालकी घेऊ नये असा फ्रान्सिस यांचा आग्रह होता, आणि म्हणून त्या समाधीमंदिराच्या वैभवाने त्यांच्या अनुयायांत दीर्घकाळ वाद माजला. असिसीला जाणारे प्रवासी मंदिर ऐतिहासिक आणि रान नैसर्गिक म्हणून पाहतात, परंतु ते रानही संन्याशांच्या संयमाशी जोडलेले आहे, आणि संताच्या आचाराच्या अधिक जवळचे स्थळ कोणते, याचे उत्तर रानाच्या बाजूने द्यावे लागते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पावित्र्य जर माणसाच्या संयमातून उत्पन्न होत असेल, तर ते माणसाची कल्पनाच ठरते, आणि देव त्यातून वजा होतो. अद्वैती विचाराप्रमाणे ब्रह्म सर्वत्र सारखेच असल्याने कोणतेही स्थळ दुसऱ्याहून पवित्र असू शकत नाही. रामानुजांच्या परंपरेने याला दिलेले उत्तर अधिक समाधानकारक आहे. तिच्या अर्चावतार या कल्पनेनुसार, म्हणजे पूजेच्या मूर्तीत देवाने घेतलेल्या अवताराच्या कल्पनेनुसार, सर्वव्यापी परमेश्वर भक्ताला सुलभ व्हावे म्हणून स्वतःहून एका ठिकाणी, भक्ताच्या अधीन होऊन राहतो. येथे मर्यादा प्रथम देवानेच स्वीकारली आहे आणि भक्ताचा संयम हा तिचा प्रतिसाद आहे. रामपायलीच्या देवळाची स्थानिक परंपरा वनवासातील रामाशी जोडली जाते, तिचाही आशय हाच आहे: राज्य सोडून आलेल्याच्या पावलांनी ती जागा पवित्र झाली.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो इतिहासाने उपस्थित केला आहे. पावित्र्याच्या नावाने माणसांना बाहेर ठेवता येते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला आणि तरीही दार उघडले नाही. दार बंद ठेवणारेही पावित्र्यरक्षणाचीच भाषा बोलत होते. परंतु त्या बंधनाचा भार त्यांच्या अंगावर नव्हता, तो संपूर्णपणे दुसऱ्यांवर टाकलेला होता. वाकाटक राजा स्वतःच्या शिपायांना अडवतो, बैगा स्वतःच्या नांगराला अडवतो, महानुभाव स्वतःच्या ममत्वाला अडवतो. काळारामाचा रक्षक मात्र दुसऱ्याला अडवतो. पहिले पावित्र्य आहे, आणि दुसरी पावित्र्याचे वस्त्र ल्यालेली मालकी आहे.

ही कसोटी देवळांपुरती राहत नाही. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात आले. १९७० च्या सुमारास साठ-सत्तरांवर घसरलेली कठीण भूमीवरील बारशिंग्याची जात तेथे नामशेष होण्यापासून वाचली, आणि हे कार्य खरोखर थोर आहे. पण ज्या विस्तीर्ण कुरणांवर ते बारशिंगे चरतात, ज्यांना पाहून प्रवासी अस्पर्श निसर्गाचा अनुभव आला असे म्हणतात, त्यांपैकी सोंफसारखी काही कुरणे म्हणजे उठवलेल्या गोंड-बैगा गावांची शेते आहेत. नैसर्गिक म्हणून दाखवले जाणारे स्थळ येथे इतिहास आहे, आणि झाडीने वेढलेला लांजीचा किल्ला, जो ऐतिहासिक म्हणून दाखवला जातो, तो रानाचा होत चालला आहे. त्याच जिल्ह्यात भरवेलीत मँगनीज आणि मलाजखंडात तांबे काढले जाते. एकीकडे आदिवासीला काडी उचलायची बंदी आणि दुसरीकडे डोंगर पोखरायची मुभा, अशा व्यवस्थेत संयमाचा भार कोणावर पडला आहे हे उघड आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि त्याच्या आधारे २०१३ साली ओडिशातील नियमगिरीच्या ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला दिलेल्या नकाराने हा भार कोणी ठरवायचा याबद्दल एक न्याय्य दिशा दाखवली आहे. डोंगर देव आहे असे म्हणणाऱ्यांनाच त्या डोंगराबद्दल विचारले गेले.

म्हणून गोंदियामार्गे बालाघाट आणि बैहर ओलांडून मुक्कीच्या दारातून कान्ह्यात जाणाऱ्या मराठी वाचकाने वाघ दिसला की नाही याच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: ज्या कुरणापाशी गाडी थांबली आहे तेथे कोणते गाव होते, त्या गावाचा ठाकूरदेव कोठे होता, आणि तो आता कोठे आहे. ही माहिती बैहरच्या वस्त्यांतील वृद्धांना आहे, आणि ती विचारून लिहून ठेवण्याचे काम अजून करता येण्यासारखे आहे.