लेथेचे पाणी

मरण म्हटले की मनुष्याला नदी का आठवावी, कोण जाणे! येथे प्रतापनगरात शेजारी कोणाचे निधन झाले, म्हणजे वैतरणीचे नाव कानी पडते. मृताला ती घोर नदी गाईचे शेपूट धरून तरता यावी म्हणून गोदान करतात. याच नावाची खरी नदी महाराष्ट्रात आहे. त्र्यंबकेश्वराकडच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोडकसागरातून मुंबईच्या नळांना पाणी पुरविते.

प्राचीन ग्रीक लोकांनी तर मृतांच्या लोकात पाच नद्या मानल्या. स्टिक्स, जिची शपथ देवही वाहत. दुःखाची अखेरॉन, विलापाची कोकायटस, अग्नीची फ्लेगेथॉन. अखेरॉन नावाची नदी आजही वायव्य ग्रीसमध्ये वाहते. मृताच्या तोंडात एक लहान नाणे ठेवीत, ते घेऊन खॅरॉन नावाडी त्याला पलीकडे पोचवी. (इकडे गाय, तिकडे नाणे, गरिबाने काय करावे?)

पाचवी नदी लेथे, म्हणजे विस्मरण. आम्हांला विचार करावयास लावते ती हीच. प्लेटोने ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या शेवटी लिहिले आहे की, पुन्हा जन्मास येण्यापूर्वी आत्मे विस्मरणाच्या मैदानातील नदीचे पाणी पितात आणि सर्व विसरतात. अविचारी असतात ते मापाहून अधिक पितात. उलट दक्षिण इटलीतील काही जुन्या थडग्यांत सोन्याचे पातळ पत्रे सापडले आहेत. त्यांवर मृताला ताकीद आहे की, पहिल्या झऱ्याजवळ जाऊ नये, पुढे जाऊन स्मृतीच्या सरोवराचे पाणी मागावे. म्हणजे विसरणे हेच सुख, असे सर्व ग्रीकांनाही वाटत नव्हते.

आपल्या मंडळ्यांत मात्र लेथेचे पाणी सर्रास वाटले जाते. विधवा भावजयीचा घरातील वाटा दिराने बळकावला, असे समजा. ती उपासनेत डोळे पुसत बसते. आपण वडीलधारी माणसे तिला सांगतो, “बाई, झाले गेले विसरा. आपण ख्रिस्ती ना?” दिराला कोणी काही सांगत नाही. तो केव्हाच विसरलेला असतो! जिच्यावर अन्याय झाला तिच्याच ओठी प्याला लावावयाचा, हा न्याय कोणता?

लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला आहे. तेथे ‘अधोलोक’ यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘हादेस’ हाच आहे. पण त्या अधोलोकात लेथे नाही. अब्राहाम श्रीमंताला सांगतो ते गत आयुष्याची आठवण करावयास. यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात पापे न स्मरण्याचे अभिवचन आहे, हे खरे. परंतु ते देवाने दिलेले आहे. अपराध्याने ते स्वतःच स्वतःला देऊन टाकू नये.

योसेफाचे पाहा. देवाने आपल्याला कष्ट विसरावयास लावले म्हणून त्याने थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले. तरीही भावांना ओळख देताना, त्यांनी आपल्याला विकले होते, हे तो स्पष्ट बोलून दाखवितो. भावांनाही आपला अपराध आठवत होता. मिसरात संकटात सापडताच ते आपसांत तेच बोलले (उत्पत्ती ४२). मग तो गळ्यात पडून रडला आणि गोशेन प्रांतात त्यांना जागा मिळाली. अपराधाचे नाव न घेता हे झाले असते, असे आम्हांला वाटत नाही.

आठवणीने मन कडू होते, हेही आम्ही नाकारीत नाही. त्या बाईने स्वतः विसरावयाचे ठरविले, तर तिला कोण दोष देईल? पण ते तिने ठरवावे, पंचांनी नव्हे. पंचांनी आधी दिराचे दार ठोठवावे.

अंत्यविधीत आपण यार्देनेपलीकडच्या देशाची गीते गातो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या नदीचा पाठ घेताना यहोशवाचा ४ था अध्याय वगळू नये. इस्राएल लोकांनी पार होताना पात्रातून बारा धोंडे उचलले व गिलगालात उभे केले, ते पुढील पिढ्यांच्या मुलांनी त्यांविषयी विचारावे म्हणून. आपली मुले विचारतील तेव्हा त्यांना पाणी थांबल्याचे सांगावेच. मिसरातल्या विटाही सांगाव्यात.