विणणारीचा हक्क

बडोद्याला थंडी येते ती थोड्या दिवसांसाठी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि तीही बहुधा रात्री-पहाटेपुरती. पारा १० अंशांच्या खाली गेला की ती वर्तमानपत्राची बातमी होते. अशा गावात लोकर विणत बसणारी स्त्री हे व्यवहाराच्या दृष्टीने एक कोडेच आहे. तरीही दांडिया बाजाराच्या जुन्या घरांपासून गोरवा, सुभानपुरा, गोत्री या नंतर वाढलेल्या वस्त्यांपर्यंत मराठी कुटुंबांत ती अजून भेटते. तिच्या पिशवीत दोन सुया, लोकरीचा गुंडा आणि अर्धी झालेली एक पाठ असते. पुष्कळदा ते विणकाम बडोद्यातल्या कोणासाठी नसतेच. ते टोरांटोच्या नातवासाठी किंवा न्यू जर्सीच्या लेकीसाठी चाललेले असते.

या कामाचे सुख बाहेरून दिसत नाही. हाताला वळण बसले की डोळे मोकळे होतात. गप्पा चालू राहतात, मालिका पाहून होते, पण सुया थांबत नाहीत. दोन्ही हातांना एका लयीचे काम मिळाले की मनातली काळजीही काही वेळ गप्प बसते. शिवाय घरातल्या इतर कामांहून याची एक गोष्ट वेगळी आहे. केलेला स्वयंपाक संपतो, काढलेला केर पुन्हा साचतो; आज विणलेली वीतभर लांबी मात्र उद्या सकाळी तेवढीच असते. स्त्रीच्या दिवसात टिकून राहणारे असे काम थोडेच.

त्रासही तितकेच. टाके मोजत असताना नेमकी दारावरची घंटा वाजते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते. सुईवरून निसटलेला एक टाका शिडीसारखा खाली उतरत जातो. लोकर संपते, आणि त्याच नंबरची म्हणून आणलेल्या नव्या लोकरीची छटा किंचित वेगळी निघते, कारण रंगवणीची खेप वेगळी. एक बाही हौसेने होते. दुसरी, तंतोतंत तशीच, केवळ कर्तव्य म्हणून करावी लागते. आणि या सर्वांवर शेजारणीचे वाक्य: "मलाही एक द्या ना विणून, तुमचा काय, हात बसलेला आहे!"

पण खरा त्रास स्वेटर पुरा झाल्यावर सुरू होतो. तो पोचतो, आभार येतात, एक छायाचित्र येते. आणि मग तो कपाटात जातो. कधी तो तोकडा झालेला असतो, कधी रंग आवडलेला नसतो, कधी गरम पाण्याच्या धुलाईत खरी लोकर आटून गेलेली असते. पडद्यावर नातू दिसतो तो दुकानातले जाकीट घालून. आजी काही बोलत नाही, परंतु तिच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: मी एवढे विणले, त्यावर माझा काहीच हक्क नाही का? या प्रश्नाला मानभावीपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

आधी 'एवढे' म्हणजे किती ते पाहू. छाती ३६ इंच, लांबी २४ इंच असा साधा स्वेटर घ्या. इंचाला ५ टाके आणि ७ ओळी धरल्या तर पाठ आणि पुढचा भाग मिळून सुमारे ३० हजार टाके होतात. दोन बाह्यांचे आणखी १५ हजार. मिनिटाला २५ टाके या वेगाने हे ४५ हजार टाके म्हणजे ३० तास. उसवणे, मोजणे, जोडणे त्यात धरलेले नाही. मालाची किंमत त्या मानाने किरकोळ. आपण जिला सवयीने लोकर म्हणतो ती पुष्कळदा मेंढीची नसतेच; ती ॲक्रिलिक असते. हा धागा मुळात पेट्रोलियमपासून होतो, हे गोरव्याच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. येथून काही किलोमीटरवर, १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएलच्या संकुलात ॲक्रिलिकचे तंतू तयार होत असत. (ती कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली.) तेव्हा वस्तूचे मोल मालात नाही, श्रमात आहे. आणि श्रमातून हक्क उत्पन्न होतो, हा विचार तर थेट सतराव्या शतकातल्या जॉन लॉकचा: माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळतो, तेव्हा ती त्याची होते. मग ४५ हजार टाक्यांनी आजीला काहीच मिळू नये?

याच गावात श्रमाचा रोकडा हक्क मान्य करणारी परंपराही आहे. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ साली निघाले, ते स्त्रीच्या हातातल्या कसबाला मोबदला मिळावा याच जाणिवेतून. शिवण, भरतकाम विकले, दाम हाती आले, व्यवहार संपला. त्यात कमीपणा काही नाही. उलट एक प्रकारची स्वच्छता आहे. विकलेल्या श्रमाचा हिशोब पैसे मिळताच मिटतो. दिलेल्या श्रमाचा हिशोब कोणी मांडलेलाच नसतो, म्हणून तो मिटतही नाही. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात दाखवले की देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही बंधनांनी भेटवस्तू बांधलेली असते. आपल्याला हे कळायला पॅरिसला जाण्याची गरज नव्हती. लग्नातल्या आहेराची वही आपल्या प्रत्येक घरात होती. प्रश्न इतकाच की स्वेटर त्या वहीत लिहायचा की नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यायला हवे म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश करून दिलेले ते राजस. (बडोद्यात उन्हाळ्याच्या तोंडावर दिलेला जाड स्वेटर स्थळकाळाच्या कसोटीला कितपत उतरेल, हे सांगायला नको.) आजीने परतफेड मागितलेली नसते. पैसा नको, वस्तू नको. तो अंगावर दिसावा, एवढेच. पण बारकाईने पाहिले तर हे 'एवढेच' फार मोठे आहे. दुसऱ्याने काय नेसावे, काय आवडून घ्यावे, यावर ते हक्क सांगते. सावकाराचे कर्ज फेडता येते. अशा कर्जाचा हप्तासुद्धा ठरलेला नसतो.

निरपेक्ष विणणे मग माणसाला शक्यच नाही का? शक्य आहे, आणि ते घडलेलेही आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा हिमालयातल्या आपल्या जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नव्हते. त्या हिवाळ्यात देशभरच्या स्त्रियांनी त्यांच्यासाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. कोणाच्या अंगावर काय जाईल हे त्यांना ठाऊक नव्हते. छायाचित्र येणार नव्हते. कोणाच्या कपाटात काय पडून राहिले, हे कधी कळणारही नव्हते. तरी त्या टाक्यांत कसूर झाली नसेल, असे मानायला हरकत नाही.

येथे एक गमतीचे सत्य हाती लागते. अनोळख्याला निरपेक्ष देणे सोपे असते; आपल्या माणसाला निरपेक्ष देणे अवघड. कारण आपल्या माणसाला आपण वस्तूबरोबर स्वतःलाही देत असतो, आणि ती वस्तू कपाटात गेली की आपणच कपाटात गेल्यासारखे वाटते.

यावरचा उतारा मला आपल्याच एका जुन्या रीतीत दिसतो. तो म्हणजे बाळंतविडा. टोपडे, मोजे, कुंची, दुपटे हे सारे जिवापाड मेहनतीने केलेले असते. आणि दोन-तीन महिन्यांत ते लहान होते. पण टोपडे डोक्यात जाईनासे झाले म्हणून कोणती आजी रुसली आहे? बाळ वाढले, हाच तिचा आनंद. ते टोपडे धुऊन पुढच्या बाळाकडे जाते. म्हणजे निरपेक्ष देण्याची कला या स्त्रीला मुळातच अवगत आहे. मूल तीन महिन्यांचे असताना ती जे सहज जाणते, ते तीस वर्षांच्या मुलाबाबत विसरले जाते, इतकेच. त्याची वाढ आता उंचीत दिसत नाही, आवडीनिवडीत दिसते.

म्हणून विणणारीचे कर्तव्य एकच: माप पुन्हा घेणे. मनातल्या माणसाच्या मापाचे न विणता आज असलेल्या माणसाला विचारणे. हवे आहे का, कोणता रंग, हवे तर जाड की पातळ. यात प्रेमाचा अपमान नाही. आणि घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. दुकानात स्वस्त मिळतो, कशाला एवढा त्रास घेतलास, असे म्हणणे ही काळजी वाटली तरी त्यात ३० तासांचा अव्हेर आहे. त्याने स्वेटर रोज घालावा, असा कायदा नाही. पण तो हातात घेऊन नीट पाहावा आणि माप खरे सांगावे, एवढे ऋण त्याच्यावर निश्चित आहे. खोट्या कौतुकाने पुढचा स्वेटरही चुकीच्याच मापाचा येतो.

विणकामाची एक सोय शिवणकामाला नाही. कापड एकदा बेतले की बेतले. विणलेले उसवता येते आणि धागा अखंड परत मिळतो. पूर्वी घरोघरी वडिलांचा जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वजन लावून सरळ करून मुलांसाठी नवे विणले जाई. न घातलेला स्वेटर संकोच न करता परत मागावा आणि उसवावा. रागाने नव्हे, दुसऱ्या कोणाला थंडी वाजते म्हणून.

आणि पहिले टाके घालण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा त्याने कधीच घातला नाही, तरी हे ३० तास मला आपले वाटतील का? उत्तर 'हो' आले तर खुशाल विणायला बसावे. 'नाही' आले तर बाजारातून एक चांगला स्वेटर विकत घेऊन पाठवावा. त्यातही प्रेम आहे, आणि त्याचा हिशोब दुकानातच मिटतो.