साबूच्या एकशे आठ पोळ्या

पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही, असा दिवस आमच्या भिलाईच्या घरात उगवलेला मला आठवत नाही. बाबांना इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. सहाच्या पाळीला जाणारं आता घरात कुणी नाही. तरी आईचे हात त्याच वेळेला कणकेत जातात.

पुढल्या महिन्यात क्वार्टर सोडून दोघं माझ्याकडे नागपूरला यायची आहेत, म्हणून मी सामान आवरायला आलोय. काल रात्री पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. शालूच्या घडीखाली, अगदी तळाशी, एक कॉमिक निघालं. चाचा चौधरी आणि साबू. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानंही गेलेली. शेवटच्या पानावर किरायाच्या दुकानाचा जांभळा शिक्का, दिवसाला पंचवीस पैसे. म्हणजे मी ते परत केलंच नव्हतं. चौतीस वर्षांचं भाडं तीन हजार रुपयांच्या वर जातं. दुकान कधीच बंद झालं हे बरं, नाहीतर आज त्या गल्लीतून जायची सोय राहिली नसती.

सकाळी मागच्या अंगणाच्या पायरीवर चहा घेऊन बसलो आणि वाचून काढलं. पंधरा मिनिटं लागली. हेच पुस्तक एके काळी मे महिन्याची सबंध दुपार पुरायचं. आता दिसतं की प्रत्येक चौकटीत तीच भिंत आहे, तेच एक झाड, आणि चोर पकडला जाणार हे चोर दिसताक्षणी कळतं. चाचांचा मेंदू संगणकाहून वेगानं चालतो म्हणे, पण सगळी हुशारी बहुधा दोन चौकटींत उरकते. चाची सदा रागावलेल्या, हातात लाटणं. लहानपणी मला त्या विनोदी वाटायच्या. आज वाटलं, दारात साबूसारखा पंधरा फुटांचा पाहुणा कायमचा मुक्कामाला आणून बसवल्यावर कुठली बाई हसत राहील?

त्यात मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. पेन नसतानाही लाल शाई सुटते. साबू गुरू ग्रहावरून आलेला, पुस्तकाच्या भाषेत ज्युपिटरवरून. पण गुरूला उभं राहायला जमीनच नाही. हायड्रोजन आणि हेलियमचा तो अवाढव्य गोळा. खाली जावं तसा वायू दाट होत जातो आणि पाय टेकावा असं काही लागत नाही. ७ डिसेंबर १९९५ला गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात शिरली, तासभर आकडे पाठवत खाली गेली आणि दाबाखाली, उष्णतेत मुकी झाली. तेव्हा ती जेमतेम दीडशे किलोमीटर आत होती, आणि गुरूची त्रिज्या सत्तर हजार किलोमीटरच्या वर. साबूचं गाव काही लागलं नाही.

बरं, जमीन आहे असं धरून चालू. ढगांच्या माथ्यावर गुरूचं गुरुत्व आपल्या अडीच पट आहे. अशा ठिकाणी वाढलेला प्राणी बुटका, रुंद, हत्तीच्या पायांचा असायला हवा. साबू ताडमाड, आणि कंबर पैलवानाची. हाडांचाही प्रश्न आहेच. उंची पावणेतीन पट झाली की वजन वीस पटीनं वाढतं आणि हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र सातेक पटच. हा हिशेब गॅलिलिओनं १६३८ सालीच मांडून ठेवलाय. साबू पहिल्या उडीतच मोडायला हवा. त्याची ताकद तेवढी पटते. अडीच पट ओझं वागवायची सवय असलेल्याला आपली पृथ्वी पिसासारखी वाटणारच.

आणि मग तो ज्वालामुखी. साबूला राग आला की कुठंतरी दूर ज्वालामुखी फुटतो. कुठं, ते दर वेळी सांगितलेलं नसायचं. आम्ही पोरांनी तो गुरूवरच फुटतो असं परस्पर ठरवून टाकलं होतं. भिलाईच्या पोरांना हे पटवून घ्यायला कष्ट नव्हते. रात्री कारखान्याच्या बाजूला तापलेला स्लॅग ओतला की अर्धं आभाळ लालभडक व्हायचं, भिंतीवर आमच्या सावल्या पडायच्या आणि मिनिटाभरात सगळं परत काळं. गच्चीवर कुणीतरी ओरडायचं, ‘साबू नाराज है!’ शेजारचा तेलुगू मुलगा हे खरंच मानायचा. मीही मानायचो, पण सांगायचो नाही.

जमीनच नसलेल्या ग्रहावर ज्वालामुखी कसला, म्हणून बारावीनंतर मी ही गोष्ट मनातून काढून टाकली होती. एम.एस्सी.ला असताना आयोबद्दल वाचलं आणि खुर्चीतच हसू फुटलं. आयो हा गुरूचा उपग्रह, आपल्या चंद्राहून किंचित मोठा. मार्च १९७९मध्ये व्हॉयेजर-१ गुरूजवळून पुढं गेलं. त्यानंतर ९ मार्चला लिंडा मोराबिटो या अभियंता यानाचा मार्ग तपासण्यासाठी एक छायाचित्र उजळून पाहत होत्या. त्यांना पाहायचे होते मागचे तारे. दिसली ती आयोच्या कडेवर उमटलेली फिकट छत्री. तो ज्वालामुखीचा फवारा होता, शेकडो किलोमीटर उंच. पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी माणसाला दिसला तो तेव्हा पहिल्यांदा. गंमत म्हणजे आयो आतून वितळलेला असणार, असं भाकीत तीन शास्त्रज्ञांनी जेमतेम आठवडाभर आधी छापलं होतं. कारण त्यांनी दिलं ते आमच्या स्वयंपाकघरातलंच म्हणा ना. एका बाजूनं गुरू ओढतो, दुसरीकडून युरोपा आणि गॅनिमीड हे भाऊबंद ठरल्या तालात ओढतात आणि आयो सारखा मळला जातो. मळून मळून तापतो. आता तिथं चारशेहून जास्त ज्वालामुखी माहीत झालेत.

म्हणजे आम्हा पोरांचं चुकलं ते एका चंद्राएवढंच.

आत आई पोळ्या लाटत होती. मी पुस्तक घेऊन ओट्याशी उभा राहिलो आणि विचारलं, “आई, साबू एका बैठकीला एकशे आठ पोळ्या खायचा, आठवतं?”

“आठवतं ना. तू सातवर उतरला होतास त्याच्या नादानं. रात्रभर पोट धरून बसला.”

पंधरा फुटांच्या माणसाचं वजन आपल्या वीस पट. एकशे आठला वीसनं भागलं की येतात पाच पोळ्या आणि वर अर्धीच्या आतबाहेर. मी बाबांच्या ताटाकडं पाहिलं. रेल मिलच्या दिवसांत ते पाच पोळ्या खायचे, आणि आईनं आग्रह केला तर अर्धी. सगळ्या चुकीच्या भौतिकात हा आकडा इतका नेमका बसावा! एकशे आठ हा जपाच्या माळेचा आकडा आहे, चित्रकारानं तो तिथूनच उचलला असणार, पण बसला खरा.

तसा पूर्ण नाही बसला, हेही सांगायला हवं. प्राणी मोठा झाला की किलोमागं त्याला अन्न कमी लागतं. माक्स क्लायबर यांनी १९३२मध्ये उंदरापासून बैलापर्यंतचा हिशेब जुळवून हे दाखवलं. त्या सूत्रानं साबूला पन्नासेक पोळ्यांत भागायला हवं. उरलेल्या पन्नास कशाच्या? बाबांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

“काम करत होता ना तो,” म्हणाले. “बसून खाणाऱ्याचा हिशेब त्याला कसा लावशील?”

मी पुन्हा पायरीवर आलो आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं, या वेळी फक्त साबूकडं बघत. तो गाड्या उचलतो, दरोडेखोर आपटतो, भिंती सावरतो. पगाराचा कुठं उल्लेख नाही. चाचींच्या हातचे परोठे आवडले म्हणून तो पृथ्वीवर राहिला, एवढाच करार. माझ्या हातातल्या अंकात तरी तो एकदाही घराच्या आत नाही. दार त्याच्या गुडघ्याच्या वर जेमतेम येतं हे खरं. पण अख्खी गोष्टच चित्रकाराच्या मनची. ज्युपिटरहून माणूस आणता येतो, तर दार मोठं काढायला किती शाई लागली असती?

चित्रकार प्राण स्वतः कसूरचे. आज ते पाकिस्तानात आहे. फाळणीत घर सुटलं आणि कुटुंब ग्वाल्हेरला आलं. ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकासाठी चाचा चौधरी काढणाऱ्या या माणसाला परक्या अंगणात राहणं काय असतं हे ठाऊक नसेल, असं म्हणवत नाही. आणि आम्हाला साबू इतका आपला वाटायचा तोही कदाचित यामुळेच. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी १९५५मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथं येऊन पडली. आमच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मल्याळी, मागे बंगाली, आणि आम्ही वर्ध्याचे. प्रत्येक दारात वेगळ्या फोडणीचा वास. सगळेच कुठल्या ना कुठल्या ग्रहावरून आलेले. सुट्टी लागली की जो तो आपापल्या ग्रहाच्या गाडीत बसायचा.

एक माणूस कुठून आलेला नव्हता. आमच्याकडं अंगण सारवायला, गवत काढायला एक रेजा यायची. छत्तीसगढमध्ये बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. ती जवळच्याच गावची. हा कारखाना, ही सेक्टरं उभी राहायच्या आधीपासून तिचे लोक या मातीत होते. बाकी दिवस ती ठेकेदाराकडं विटा वाहायची. दुपारी याच पायरीखाली, जमिनीवर बसून ती डब्यातली बासी खायची. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. भाताचा तो ढीग बघून मी एकदा तिला ‘साबू’ म्हणालो होतो. ती हसली होती. साबू कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं बासीला दिवस आले. २०२२मध्ये राज्य सरकारनं १ मे रोजी मजुरांच्या सन्मानासाठी बोरे-बासी खायचं आवाहन केलं आणि साहेब लोकांनीही वाडगी हातात घेऊन फोटो काढवले. माझ्या लहानपणी मात्र आमच्या घरात त्या रेजाचा चहाचा कप वेगळा होता. पांढरा, निळ्या काठाचा, टवके उडालेला. मागच्या भिंतीत खिळा होता, त्याला टांगलेला असायचा. ती तो स्वतः उतरवायची, आई वरून चहा ओतायची, ती धुऊन परत टांगायची. कुणी काही बोलायचं नाही. मी पुस्तकात डोकं घालून पायरीवर, ती दोन पायऱ्या खाली.

ते साल १९९१ असावं, कारण शेवटच्या पानावर शिक्क्याच्या बाजूला माझ्याच अक्षरात वर्ग सहावा, तुकडी ब असं लिहिलंय. त्याच वर्षी २८ सप्टेंबरच्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी भिलाईत झोपेतच गोळी घालून मारले गेले. आमच्या भट्ट्यांना लोहखनिज यायचं दल्ली-राजहराहून, आणि तिथल्या ठेकेदारी खाणमजुरांची संघटना त्यांनी १९७७मध्ये उभी केली होती. घरात त्यावर दार लावून, आवाज खाली करून बोलणं झालं. रेजा नंतर बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा आईनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं, तेवढं काढून गेली.

खिळा अजून भिंतीत आहे. रंगाचे चार-पाच थर चढल्यानं आता तो भिंतीला आलेल्या फोडासारखा दिसतो. मघाशी मी बोटानं चाचपला.

आईनं शेवटची पोळी तव्यावरून उतरवली तेव्हा मी आत जाऊन विचारलं, “आई, ती अंगण सारवायला यायची ना, तिचं नाव काय होतं?”

तिनं गॅस बंद केला. पिठाचा हात हवेत तसाच धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

“नाव...” ती म्हणाली. “अहो, काय होतं हो तिचं नाव?”

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चष्मा काढला, परत घातला.

“चहात साखर लागायची तिला तीन चमचे,” आई म्हणाली. “तेवढं आठवतं मला.”